कंगवाताईच्या नावावरच्या ओळी

कंगवाताई भांडखोर होती असं आमच्या ऑफिसातले लोक सांगतात. होतीच. मी स्वतः तिच्याशी पहिल्याच दिवशी भांडलो, नंतर अधूनमधून भांडलो, आणि माझंच चुकतंय हे कळल्यावरही भांडलो, कारण तोवर सवय लागली होती. ती फक्त तत्त्वासाठी भांडायची असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पंख्याखालच्या जागेसाठी, न डुगडुगणाऱ्या खुर्चीसाठी, चहात साखर कमी घालावी म्हणून ती तितक्याच जोरात भांडायची. संतबिंत नव्हती. पण तिच्याबद्दल बोलताना लोक ‘भांडखोर’ म्हणून जे थांबतात ना, त्याचा मला राग येतो. पुढचंही सांगा की.

आमचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर. एकाला लागून एक अशा तीन खोल्या, आणि टोकाला मालकांची, म्हणजे साहेबांची, केबिन. दिवसभर खालून चाकात हवा भरल्याचा आवाज यायचा आणि आम्ही वर बसून वेबसाइट बनवायचो. दवाखान्यांच्या, शाळांच्या, फर्निचरवाल्यांच्या, जो येईल त्याच्या. तीन खोल्यांत तीन कंपू होते आणि कोड लिहायच्या तीन तऱ्हा. पहिल्या खोलीत मेहुणे बसायचे. नात्याने ते फक्त साहेबांचे मेहुणे, पण अख्खं ऑफिस त्यांना मेहुणेच म्हणायचं, अगदी तोंडावर, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. माणूस गोड, हात चलाख, पण लिहिलेलं म्हणजे नुसता पसारा. कशालाही नाव द्यायचं तर ‘नवीन’, मग ‘नवीन२’, मग ‘शेवटचं’, मग ‘खरंच शेवटचं’. मधल्या खोलीत मी आणि माझ्यासारखेच दोन हट्टी. तिसऱ्या खोलीतल्या मुली ओळ संपल्यावर अर्धविराम म्हणून द्यायच्या नाहीत, आणि आम्ही तो दिला नाही तर जेवण पचणार नाही अशा थाटात द्यायचो.

गंमत वाटेल, पण यात जीव जायचा. कुणी रजेवर गेलं की त्याचं काम दुसऱ्याने हातात घेणं म्हणजे शिक्षा. नोकरी सोडून गेलेल्याचं तर विचारूच नका. त्याला फोन करायचा, तो नव्या नोकरीत खुशीत असायचा, आणि म्हणायचा, ‘मलाच आठवत नाही रे, नवीनच लिहून टाक.’

या गोंधळात ती आली. चाळिशीची, आखूड केसांची, खांद्याला भलीमोठी पिशवी. माझ्या शेजारची खुर्ची तिने हलवून बघितली, डुगडुगते म्हणून माझी घेतली, आणि माझ्या स्क्रीनकडे बघून विचारलं, ‘हे तुझं?’

‘हो.’

‘कुणाला दाखवायला लिहिलंयस की लपवायला?’

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, ‘गुंता फार झालाय का? मग कंगवा आणलाय का पिशवीत?’

‘आणलाय,’ ती म्हणाली. तेव्हापासून ती कंगवाताई. नाव मी ठेवलं, पण तिने ते असं काही मिरवलं की मला त्यातून काहीच सुख मिळालं नाही.

तिचं म्हणणं सरळ होतं. लिंटर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. तुम्ही लिहिलेला कोड तो आधी वाचतो आणि जिथं चुकलंय किंवा चुकेलसं दिसतंय तिथं लाल रेघ मारतो. तो आमच्या प्रत्येकाकडे होता, पण प्रत्येकाने त्याला आपापल्या सोयीचे नियम शिकवलेले. मेहुण्यांनी तर आपल्या फाइलींवर लिंटरला गप्पच करून ठेवलं होतं. तो बिचारा नुसता बसून असायचा. ताईला तिन्ही खोल्यांना मिळून एकच नियमावली हवी होती. एका ठिकाणी ठेवलेली, प्रत्येक प्रोजेक्टने तिथूनच घ्यायची. लाल रेघ शिल्लक असेल तर काम ग्राहकाकडे जाणार नाही.

सगळ्यांनी नाकं मुरडली. माझं नाक सगळ्यात वर होतं.

मग तिने दर गुरुवारी जेवण झालं की तिन्ही खोल्यांना आमच्या खोलीत बोलवायला सुरुवात केली. तिची एक अट होती, आणि ती अट मी दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात ऐकलेली नाही. जो नियम नसल्यापायी आपल्याच ऑफिसात कधी रडारड झालेली नाही, तो नियम घ्यायचा नाही. पुस्तकात आहे, मोठ्या कंपन्या वापरतात, हे चालणार नाही. त्यामुळे प्रत्येक नियमाला एक किस्सा चिकटला. शाळेच्या वेबसाइटवर सगळ्या मुलांना एकाच मुलाचे गुण दिसले होते, तो एक नियम. फर्निचरवाल्याच्या पानावरचं ‘विकत घ्या’ बटण दाबलं की काहीच व्हायचं नाही आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तो एक. लोक आपापल्या लाजिरवाण्या गोष्टी सांगायला लागले, हसायला लागले. गुरुवारची वाट बघायला लागले म्हणा ना.

नुसत्या आवडीनिवडीचे नियम होते त्यांचं काय? ओळ आत सरकवायची तर दोन जागा की चार, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी? तिथं तिने भलतीच रीत काढली. ती स्वतःच्या आवडीच्या विरुद्ध मत द्यायची.

‘मला चार जागा आवडतात,’ ती म्हणाली, ‘म्हणून दोन. उद्या कुणी म्हणायला नको की बाईने आपली हौस भागवून घेतली.’

‘अहो ताई, पण मलाही चारच आवडतात!’ मी ओरडलो. ‘तुमच्या प्रामाणिकपणापायी माझ्या का म्हणून जाव्यात?’

‘मग दोघं मिळून रडू,’ ती म्हणाली आणि दोन लिहून मोकळी झाली. मेहुणे पोट धरधरून हसले.

एखाद्या ओळीपुरता, किंवा अख्ख्या फाइलीपुरता, नियम गप्प करायची सोय लिंटरमध्ये असते. फाइलीच्या माथ्यावर एक ओळ टाकायची की तो तिथं काही बोलत नाही. आम्ही त्याला तोंड बांधणं म्हणायचो. ताईने ती सोय ठेवली, पण तोंड बांधणाऱ्याने शेजारी आपलं नाव आणि कारण लिहायचं. कारणं काय एकेक यायची! ‘घाई.’ ‘माहीत नाही.’ ‘आधीपासून असंच आहे.’ ‘साहेबांनी सांगितलं.’ ती त्या माणसाच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहायची. ‘साहेबांनी सांगितलं हे कारण नाही, ही तक्रार आहे. कारण लिही.’

साहेबांनी एवढंच कबूल करून घेतलं होतं की जुन्या फाइलींची तोंडं जशी बांधलेली आहेत तशीच राहू द्यायची. साहेब वाईट माणूस नव्हता. पण ग्राहकाचा फोन आला की उभं राहून बोलायचा, आणि उभं राहून बोलणारा माणूस कशालाही हो म्हणतो. जुनं उघडलं तर सगळंच लाल होईल आणि कामं अडतील, ही त्यांची धास्ती. ताईने खूप वाद घातला, शेवटी मानलं. जुन्या फाइलींतली फक्त मोकळी जागा आणि अवतरणचिन्हं तेवढी सारखी करायची, अर्थाला हात लावायचा नाही, असं ठरलं.

आणि इथं तिने चूक केली. आमच्या धंद्यातच होऊ शकते अशी चूक.

ही सफाई आपोआप करून देणारा प्रोग्रॅम असतो. तिने तो एका दुपारी सगळ्या प्रोजेक्टवर एका दमात फिरवला, आणि तो स्वतःच्या लॉगिनवरून फिरवला. आता आमच्याकडे प्रत्येक ओळीच्या इतिहासात तिला शेवटचा हात कुणी लावला त्याचं नाव येतं. दोन जागा कमी केल्या तरी हात लावला तो लावलाच. पाच मिनिटांत ऑफिसातला जवळजवळ सगळा कोड, ती नोकरीला लागायच्या कितीतरी आधी लिहिलेलासुद्धा, तिच्या नावावर गेला. जाणता माणूस अशी सफाई इतिहासातून वगळायची खूण ठेवतो. ती जाणती होती, पण उत्साहाच्या भरात विसरली.

मी तिला दाखवलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. ‘खूण ठेवते लगेच,’ म्हणाली, आणि तेवढ्यात घरून फोन आला. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या. ती पिशवी उचलून तशीच पळाली.

लॅपटॉप विसरली म्हणून दुसऱ्या दिवशी मीच तो घेऊन तिच्या घरी गेलो. जाताना मनाशी म्हणत होतो, हिचं घर म्हणजे इस्त्री केलेलं असणार, डब्यांवर चिठ्ठ्या असणार. दार उघडलं तर फ्रिजवर चप्पल. कपड्यांचा ढीग, त्या ढिगात मांजर, आणि मुलीची शाळेची वही तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून. सासूबाई पाय उशीवर ठेवून पलंगावर बसल्या होत्या आणि सगळ्यांना हुकूम सोडत होत्या. मी चप्पलकडे बघतोय हे ताईच्या लक्षात आलं.

‘बघू नकोस. मांजर पळवतं म्हणून वर ठेवलीय.’

‘ऑफिसात आम्हाला दोन जागांसाठी धारेवर धरता, आणि घरात हे?’

‘घरातली माणसं कुठं जाणारेत? चमचा सापडला नाही तर हाक मारून विचारता येतं. ऑफिसातली माणसं निघून जातात रे. मागच्या नोकरीत मी अख्खा उन्हाळा एका गेलेल्या माणसाचं लिहिलेलं वाचत बसले होते. त्याच्या मनात काय होतं ते विचारायला कोणी नव्हतं. शेवटी मलाच येत नाही असं ठरलं आणि मला घालवलं.’ हे ती रागानेच म्हणाली. तिचा तो राग जुना होता आणि तिने तो नीट जपला होता.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी घेऊन घरातल्या घरात फिरायचा, आणि पुन्हा कामावर कधी जाईल ते डॉक्टरही सांगत नव्हते. तोवर घर हिच्या पगारावर. आम्ही लाल रेघांबद्दल बोलतोय हे ऐकून तो म्हणाला, ‘आमच्याकडेही तेच. माणसं जास्त झाली की लिफ्टमध्ये घंटा वाजते. सोसायटीवाले मला बोलावतात आणि सांगतात, घंटा काढून टाका, फार वाजते.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मी म्हणतो, तुम्ही काढा. मी बघत उभा राहतो.’

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, ‘म्हणून तर याला कुणी दुसऱ्यांदा बोलवत नाही.’

ताई सोमवारी कामावर आली. आदल्या शनिवारी एका दंतवैद्याच्या दवाखान्याने आमची वेबसाइट चालू केली होती, आणि सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. पान मेहुण्यांनी कधीच लिहून ठेवलं होतं; दवाखान्याच्या रंगाचं काम लांबलं म्हणून ते तसंच पडून होतं. घरबसल्या वेळ घ्यायची, जायचं, दात दाखवायचा. साहेबांनी फोन घेतला तेव्हा ते बसलेले होते. मग उभे राहिले. मग खिडकीपर्यंत गेले.

दवाखान्यात डॉक्टर एकच, आणि आलेल्या सगळ्यांच्या हातात सकाळी दहाची वेळ. गालाला हात लावून बसलेले, रुमाल धरून बसलेले, खुर्च्या संपल्या म्हणून जिन्यावर बसलेले. मी आधीचा, मी आधीचा, करत माणसं हातघाईवर आलेली. एका म्हातारबाबांनी तर डॉक्टरांच्या खोलीच्या दाराला पाठ लावून दारच अडवलं होतं. दवाखान्याने वेबसाइट तूर्त बंद केली आणि संध्याकाळपर्यंत ती नीट हवी, नाहीतर संबंध संपला, असं सांगितलं.

चूक शोधायला वेळ लागला नाही. मेहुण्यांना त्या ओळीत विचारायचं होतं की ही वेळ मोकळी आहे का. असा प्रश्न विचारायला ‘=’ हे बरोबरचं चिन्ह तीनदा द्यावं लागतं. त्यांनी एकदाच दिलं. एकदाच दिलं की तो प्रश्न राहत नाही, हुकूम होतो: ही वेळ मोकळी आहे. मग कितीही जणांनी मागितली तरी ती मोकळीच. लिंटरला असली चूक चुटकीसरशी सापडते. पण फाइल जुनी, तिच्या माथ्यावर तोंड बांधणारी ओळ, आणि जुन्या फाइलींना हात लावायचा नाही हे साहेबांचंच फर्मान.

साहेबांनी तिन्ही खोल्यांना बोलावलं आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर त्या ओळीचा इतिहास उघडला. नाव कंगवाताईचं.

‘बाई, हे काय आहे?’

ताईने स्क्रीनकडे बघितलं. सफाई वगळायची ती खूण ठेवायची राहूनच गेली होती. सासूबाईंचा पाय, मुलीची शाळा, आणि मीही आठवण केली नव्हती.

‘ओळ माझ्या नावावर आहे,’ ती म्हणाली.

‘म्हणजे तुमच्या त्या नियमांच्या नादात हे झालं.’ साहेबांनी स्क्रीनवर बोट आपटलं. ‘आता ऐका. दवाखान्याला माफीचा मेल तुम्ही लिहायचा. नियम लावताना माझ्या हातून चूक झाली, ते नियम आम्ही काढून टाकले आहेत, असं स्पष्ट लिहायचं, खाली तुमचं नाव. आणि ती नियमावली आजच्या आज सगळ्या प्रोजेक्टमधून काढायची. दुपारच्या जेवणापर्यंत. नाहीतर उद्यापासून येऊ नका.’

मेहुणे जमिनीकडे बघत होते. खोलीतल्या प्रत्येकाला ती ओळ कुणाची ते कळलं होतं. त्या ओळीत ‘खरंच शेवटचं’ असं नाव होतं, आणखी काय पुरावा हवा? ओळीवरचं आधीचं नाव बघायलाही एक कळ दाबावी लागते, बास. मी तोंड उघडलं, तर ताईने टेबलाखालून माझ्या पायावर अशी टाच दिली की आवाजच फुटला नाही.

बाहेर चहाच्या मशीनपाशी मी तिच्यावर उखडलो. ‘तुम्हाला वेड लागलंय का? दुसऱ्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेताय? मी आत जातो आणि दाखवतो.’

‘जाशील तर बघ.’

‘का पण?’

‘कारण त्यांना नावच हवंय. माझं दिसलं, माझ्यावर चिडले. मेहुण्यांचं दिसलं की काय होईल? साहेब बायकोच्या भावाला चार शब्द सुनावतील, मला सॉरी म्हणतील, ओळ दुरुस्त होईल आणि फाइलीचं तोंड बांधलेलं तसंच राहील. अशा किती फाइली आहेत आपल्याकडे? मी एकदा मूग गिळून मान्य केलं त्याचं हे झालं. आता नाही.’

‘आणि नोकरी?’

तिने घरी फोन लावला. नवऱ्याला म्हणाली, ‘माफी माग नाहीतर जा म्हणतायत.’ तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण नंतर सासूबाईंनी फोन हिसकावून घेतलेला असणार, कारण तो आवाज मशीनपाशी सगळ्यांनाच ऐकू आला.

‘माफी मागू नकोस गं बाई! तुला मागता येत नाही. माझ्याकडे एकदा मागितली होतीस, मी चार दिवस जेवले नव्हते.’

ताई हसली. पण फोन खिशात ठेवून लगेच पाठ फिरवली. ज्या बाईला एकदा असंच घालवलं होतं, तिला पुन्हा तेच दार दाखवत होते, आणि या वेळी घरी काठी घेऊन बसलेला नवरा होता. मला साहेबांचा इतका संताप आला की मी कागदाचा कप चुरगळून टाकला. तो भरलेला होता.

जेवण झालं. मेल गेला नव्हता. साहेब आमच्या खोलीत आले.

‘बाई, लिहिलंत?’

‘नाही.’

‘नियम काढले?’

‘नाही.’

‘मग काय ठरवलंयत तुम्ही?’

‘ओळ माझ्या नावावर आहे ना, साहेब?’ ताई उठून उभी राहिली. ‘सकाळी सगळ्यांसमोर तुम्हीच दाखवलंत. मग माझ्या ओळीचं काय करायचं ते मी ठरवणार. ओळ मी आत्ता दुरुस्त करते, एका मिनिटाचं काम आहे. पण आधी फाइलीचं तोंड सोडणार. त्यातल्या सगळ्या लाल रेघा निघाल्याशिवाय पान जाणार नाही.’

‘अहो, संध्याकाळपर्यंत द्यायचंय! आधी पाठवा, मग साफ करत बसा.’

‘आधी पाठवलं म्हणूनच सकाळी माणसं जिन्यावर बसली होती. तुमचा दात दुखत असता आणि तुम्ही त्या जिन्यावर असता, तर काय म्हणाला असतात?’

‘मला शिकवू नका!’

‘नाही शिकवत. मला काढा. आत्ता काढा. पण मग ही ओळ दुरुस्त करायला दुसऱ्या कुणालातरी सांगा, आणि जो हात लावेल त्याचं नाव त्या ओळीवर येईल. तोंड बांधूनच पाठवायचं असेल तर तोंडाशेजारीही त्याचंच नाव. हा नियम तुम्हीच मंजूर केलाय.’

साहेब माझ्याकडे वळले. ‘तू कर. तेवढी ओळ बदल आणि पाठव.’

मला घरी आईवडील आहेत, माझीही नोकरी नवी नाही की टाकून देता येईल. पण सांगतो, आयुष्यात काही शब्द असे असतात की ते म्हणताना छाती भरून येते. मी म्हणालो, ‘नाही करणार.’

त्यांनी तिसऱ्या खोलीतल्या मुलींकडे बघितलं. त्यातली मोठी म्हणाली, ‘त्या गुणांवाल्या शाळेच्या वेबसाइटच्या वेळीही तुम्ही असंच केलं होतंत, साहेब. मुलं रडली होती. आम्ही नाही हात लावणार.’ साहेबांचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली नाही. यायला हवी होती असंही मला वाटत नाही.

शेवटी ते मेहुण्यांकडे वळले. आवाज बारीक झाला होता. ‘तुम्ही तरी ऐका. तुम्हाला घरचं काम आहे हे.’

मेहुणे उठले. ताईच्या खुर्चीपाशी गेले. ती बाजूला झाली. तिच्या खुर्चीवर बसून त्यांनी ती फाइल उघडली, आपल्या लॉगिनवरून, आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसत असताना माथ्यावरची तोंड बांधणारी ओळ पुसून टाकली. फाइल वरपासून खालपर्यंत लाल झाली.

‘ओळ माझी आहे, दाजी,’ ते साहेबांना म्हणाले. ऑफिसात त्यांनी साहेबांना दाजी म्हटलेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. ‘तोंड मीच बांधलं होतं. ते लाल बघून मला घाबरायला व्हायचं.’

साहेब केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. ताईने मेहुण्यांना ना शाबासकी दिली ना धन्यवाद. ‘सकाळी बोलायला काय झालं होतं?’ असं त्यांना फाडकन विचारलं, आणि ते काही बोलायच्या आत, ‘बरं, आता सरका, ही पहिली रेघ काय म्हणतेय ती वाचा,’ म्हणून खुर्ची ओढून शेजारी बसली. मग आम्ही सगळेच बसलो. त्या फाइलीत आणखी काय काय निघालं ते सांगत नाही, दवाखान्याचे लोक वाचत असतील. एक चूक तर अशी होती की वेळ रद्द करायला गेलेल्या माणसाला आणखी एक वेळ मिळाली असती. ‘नवीन’, ‘नवीन२’ ही नावं गेली आणि ‘मोकळी वेळ’, ‘घेतलेली वेळ’ अशी माणसाला कळतील अशी नावं आली. एका जागी ताई आणि मी भांडलो. माझं बरोबर निघालं, ती गोष्ट इथं नोंदवून ठेवतो.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा शेवटची रेघ गेली. मी माझ्या नावाने सकाळी दहाची वेळ घेतली, मिळाली. मग मेहुण्यांच्या नावाने तीच वेळ मागितली. पानाने सांगितलं, ही वेळ गेलेली आहे, दुसरी निवडा. तिसऱ्या खोलीतून टाळ्या पडल्या. पान दवाखान्याकडे गेलं.

साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. सगळे आपापल्या पिशव्या भरत होते.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘आज निभावलं म्हणून तुमची नोकरी पक्की झाली असं समजू नका.’

ताईने डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसेना, तिने परत लावलं.

‘मी तरी कुठं राहायचं ठरवलंय?’ ती म्हणाली. ‘उद्यापासून रोज एक जुनी फाइल उघडणार. तोंड सोडणार, साफ करणार, तिच्यावर ज्याचं त्याचं नाव घालणार. ज्या दिवशी तुम्ही म्हणाल बांधून ठेवा, त्या दिवशी मी आपल्या पायांनी जिना उतरेन. तुम्ही काढायची वाट बघत बसणार नाही.’

साहेबांनी केबिनचा दिवा मालवला. मग म्हणाले, ‘उद्या कुठली फाइल?’

आमच्या प्रत्येक वेबसाइटमध्ये लॉगिन करायची एक फाइल आहे. कंपनी काढली तेव्हा साहेबांनी एकट्याने बसून ती लिहिली होती. तिच्या माथ्यावर तोंड बांधलेलं आहे, आणि तिला हात लावायची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

‘तुमची,’ कंगवाताई म्हणाली, आणि डबा पिशवीत टाकून घरी निघाली.